पहिल्या ओढीचं इंजिन

झुलालआप्पांच्या अस्थी शेवटी वल्ह्याच्या होडीतून न्याव्या लागल्या. त्यांचं स्वतःचं इंजिन घरात होतं, टाकीत पेट्रोल होतं, दोरी खिळ्याला लटकलेली होती. पण ते आणून होडीला लावू या, असं म्हणायची हिंमत घाटावर जमलेल्या एकालाही झाली नाही. मलाही नाही. वल्हेवाल्यानं तळहात चोळले आणि आम्ही रडतखडत मधल्या धारेपर्यंत गेलो. आप्पा असते तर म्हणाले असते, "यान्हापेक्षा बैलगाडी बरी."

माझं तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या फाट्यावर स्पेअर पार्टचं दुकान आहे. टू-स्ट्रोक गाड्यांचा जमाना संपला तेव्हा शहाद्याच्या दुकानदारांनी जुना माल भंगारात घातला. मी नाही घातला. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. वाण्याच्या हातून वस्तू फेकवत नाही, एवढंच. त्या धूळ खाणाऱ्या खोक्यांचा वास काढत आप्पा माझ्याकडे आले.

रामराम नाही, नमस्कार नाही. शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली, आणि एक प्लग माझ्या काउंटरवर ठेवला. एखाद्या सोनाराकडे बाळाची वाळी ठेवावी तसा.

"हुंगी देख, शेठ."

मी म्हटलं, "कशाला हुंगू? प्लग आहे तो."

"हुंग तं सही."

हुंगला. ओला होता, पेट्रोलचा भपकारा आला.

"ओला शे ना? मंग. पेट्रोल येस, पन जळत नही. आते सांग, काय व्हयनं व्हई?"

मी दुकानदार. मला विकता येतं, सांगता येत नाही. मी म्हटलं, "कार्बोरेटर खराब झाला असेल." त्यावर आप्पांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून आठवतं. "पहिले पलग काढ, मंग तोंड उघड," ते म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पाहिल्या-तपासल्याशिवाय मत देणाऱ्या प्रत्येकाला ते मिळायचं. डॉक्टरला, सरपंचाला, टीव्हीवरच्या माणसालासुद्धा. एका लग्नात मानपानावरून व्याही भांडायला लागले, दोन्हीकडची माणसं मध्ये पडून आपापला निवाडा सांगू लागली, तर आप्पांनी पंगतीतून ओरडून तेच ऐकवलं. अर्धा मांडव हसला. व्याही मात्र बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आप्पा उंच, वाळलेले, खांदे थोडे पुढे आलेले. उभी हयात त्यांनी नदीकाठच्या एका मोठ्या मळ्यात पाणी ओढणारं ऑइल इंजिन सांभाळलं. विजेची मोटार आली तेव्हा मालकानं ते इंजिन विकलं आणि आप्पांच्या हातांना काम उरलं नाही. मग कुठल्याशा सरकारी गोदामातल्या जुन्या सामानाच्या लिलावातून त्यांनी होडीला मागे लावायचं हे इंजिन उचललं. केव्हा तरी पुरात माणसं काढायच्या होडीला लावत असतील. टू-स्ट्रोक, माझ्याहून वयानं मोठं. कंपनीचं नाव घासून गेलेलं, रंग उडालेला, डोक्यावर गोल टाकी, आणि चालू करायचं म्हणजे दर वेळी वरच्या चाकाला हातानं दोरी गुंडाळायची आणि छातीपर्यंत ओढायची. बायको सरूबाई म्हणायची, "दसराले हळद-कुंकू लावं, तवय बी खोकलं ते."

बॅरेज झाल्यापासून प्रकाशाला तापीचं पाणी बाराही महिने भरलेलं असतं. दहनानंतर अस्थी घेऊन जिल्हाभरातून माणसं येतात. सारंगखेड्याकडून येतात, पार सातपुड्याच्या पायथ्यापासून येतात. काठावर गाळ आणि जलपर्णी. ज्याला आपल्या माणसाच्या अस्थी वाहत्या पाण्यात सोडायच्या असतात, त्याला होडी लागते. आप्पांनी ते काम धरलं. त्यात त्यांना कसलाही कमीपणा वाटला नाही आणि पुण्य मिळतंय असंही वाटलं नाही. इंजिनाला काम मिळालं, बस.

आता घोटाळा असा, की मधल्या धारेत गेल्यावर इंजिन बंद करावं लागतं. एक तर त्या फटफटाटात गुरुजींचा मंत्र ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे अस्थींबरोबर फुलं, लाल फडकं, सगळं सोडतात. ते खालच्या पंख्याला गुंडाळलं जातं. म्हणून बंद करायचं, विसर्जन करायचं, हात जोडायचे, आणि परत चालू करायचं. आणि ते काही परत चालू व्हायचं नाही.

थंड असताना दोन-तीन ओढीत चालू होणारं इंजिन, तापून बंद केलं की मेल्यासारखं पडायचं. आप्पा दोरी गुंडाळतायत, ओढतायत, गुंडाळतायत, ओढतायत. आजूबाजूला पाणी. होडीत ताजं सुतक घेऊन बसलेली माणसं. मग कुणी तरी कुणाकडे तरी बघायचं. मग एखादी म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणायची, "जीव अडकना शे त्यान्हा."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की आपण काय करतो, ते सगळ्यांना माहीत आहे. तेच आता होडीत व्हायला लागलं. मेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते आठवायचं आणि एकेकानं उभं राहून, हात जोडून, पाण्याकडे तोंड करून कबूल करायचं. आबा, तुमच्या बैलाला विकणार नाही. काकू, तुझी तुळस वाळू देणार नाही. एका गृहस्थानं बापाला सांगितलं, की तुमची बिडी मी चालू ठेवतो. दुकान बंद असलं की मी पाना घेऊन होडीत बसायचो; ह्यावर मी हसलो होतो, आप्पा हसले नाहीत. कबुली झाली, आणखी पाच-सात वेळा दोरी ओढली, की इंजिन खोकत, धूर सोडत सुरू व्हायचं. सगळ्यांचे हात कपाळाला. घाटावर उतरताना आप्पांच्या पाया पडायचे लोक.

आप्पा चिडायचे. "पेट्रोल ओव्हर व्हस, बाकी काही नही," जास्तीच्या पेट्रोलनं प्लग भिजतो, असं ते प्रत्येकाला सांगायचे. ऐकतो कोण?

दोन भावांची गोष्ट त्यांना फार लागली. बाप गेला होता. आई धाकट्याकडे, आणि धाकटा सुरतेला कामाला जाणार. इंजिन अडलं. थोरला बराच वेळ आकाशाकडे बघत बसला. अखेर उठला आणि बोलला, की आईला मी सांभाळतो. इंजिन सुरू झालं. घाटावर सगळे गळ्यात पडून रडले, मीसुद्धा डोळे पुसले. पुढच्या पावसाळ्यात आप्पांना ती म्हातारी इथंच, देवळाच्या ओट्यावर, पिशवी उशाला घेऊन पडलेली सापडली. थोरला मुलगा तिला दर्शनाला घेऊन आला होता आणि "गाडी काढी लयस" म्हणून जो गेला तो गेलाच. सरूबाईनं तिला घरी आणून जेवू घातलं. तिच्या भावाच्या गावी निरोप गेला आणि तिथून कुणी येईपर्यंत ती आप्पांच्या ओसरीवर होती. म्हातारी इंजिनाकडे बघून विचारायची, "हाई तेच का?"

"लोकेस्नं पाप मन्ही टाकीमा," एवढंच आप्पा मला एकदा म्हणाले.

तोपर्यंत हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं होतं. मग शोभा गेली.

शोभा त्यांची एकुलती एक मुलगी. नदीपलीकडे, कोरीटकडच्या एका घरात दिली होती. पोटात दुखतंय म्हणत होती. सासरच्यांनी आधी काढा दिला, मग ओळखीच्या माणसाकडून गोळ्या आणल्या, मग कपाशीची वेचणी चालू होती म्हणून दोन दिवस थांबले. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं नुसती मान हलवली. मागे एक लहान मुलगी राहिली, खुशी. अजून बोबडं बोलायची.

अस्थी न्यायला दुसरा होडीवाला तयार होता. आप्पा म्हणाले, "मन्ही आंडेर शे. मीच लई जासू." बरोबर जावई संजय, त्याचा थोरला भाऊ, गुरुजी. बायका सहसा जात नाहीत, पण सरूबाई ऐकेना, तीही बसली. मला आप्पांनी प्लगचा पाना आणि कोरडा प्लग हातात देऊन पुढे बसवलं. त्यांना आज काहीही अडू द्यायचं नव्हतं.

अडलं. आप्पांनी दोरी ओढली, ओढली, ओढली. मी प्लग बदलून दिला. तळहाताची साल निघाली तरी ओढत होते. सरूबाईनं नवऱ्याकडे बघितलं नाही, इंजिनाकडे बघितलं नाही. ती जावयाकडे बघत होती. आप्पांच्या ते ध्यानात आलं आणि ते ओरडले, "कोनी काही बोलू नका! पेट्रोल ओव्हर व्हयनं शे!"

पण संजय उभा राहिला होता. होडी डुलली. त्यानं हात जोडले.

"शोभा, खुशीले मी तुन्ही मायजोडे ठेवसू. तठेच वाढी ती. पानीनी शप्पथ."

आप्पांनी दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं.

सरूबाई मोठ्यानं रडली. गुरुजींनी डोळे मिटले. आणि आप्पा, ज्यांना हे सगळं प्लगच्या टोकावरचं ओलं पेट्रोल आहे हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, ते इंजिनाकडे असे बघत होते, की मला भीती वाटली. त्या दिवशी घाटावर पोचेपर्यंत त्यांनी त्याला पेट्रोल ओव्हर म्हटलं नाही.

सरूबाईनं मुलीसाठी फ्रॉक शिवले. दाराला लहान कडी बसवून घेतली. सासरहून निरोप यायचे: बारावं होऊ द्या. मग, पाऊस उघडू द्या. मग संजयचं दुसरं लग्न झालं आणि निरोप आला, की पोरीला नव्या आईचा लळा लागलाय, आता कुठं हलवता? दोघं नवरा-बायको मुलीला आणायला गेले. पाहुणचार झाला, चहा झाला, खुशीला धुऊन-पुसून मांडीवर आणून बसवलं. सरूबाईनं विषय काढला तेव्हा संजय उठून बाहेर गेला. त्याचा थोरला भाऊ मात्र बसून राहिला. अगदी समजूत घातल्यासारखा, हळू आवाजात म्हणाला, "पानीवर मानूस काही बी बोलस, आप्पा. इंजिन चालू व्हत नव्हतं ना."

हे मला सरूबाईनं सांगितलं. आप्पा दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, आते हाई पहिल्या ओढमा चालू व्हवाले पाहिजे. गरम असो का थंड."

एवढंच. त्या दिवसापासून त्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी होडी काठावर पालथी घातली, अस्थीचे लोक वल्हेवाल्याकडे पाठवले. अंगणात पाण्याचा पिंप ठेवून त्याच्या कडेला इंजिन टांगलं. सगळ्या गल्लीत निळा धूर. शेजारणींनी वाळत घातलेल्या पापडांना ऑइलचा वास लागला म्हणून भांडणं झाली. आप्पांना फरक पडला नाही.

आधी कार्बोरेटर. त्यातली पेट्रोल अडवणारी सुई इतकी झिजली होती, की इंजिन बंद केल्यावरही थेंब-थेंब गळत राहायचं. माझ्या खोक्यांत तशी सुई नव्हती. जवळपास तशी होती, ती त्यांनी पॉलिश पेपरवर घासून घासून बसवली. ओव्हर होणं थांबलं. तरी गरम झाल्यावर चालू होईना. मग कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले. पेट्रोलमधल्या ऑइलचं माप कमी-जास्त करून झालं. इंजिन थंड असताना शहाण्या मुलासारखं वागायचं, तापलं की पुन्हा तेच.

एका सकाळी मी घरी गेलो, तर सरूबाई दारातच कपाळाला हात लावून बसलेली. आत चुलीच्या कडेला, निखाऱ्यांवर राख पसरून त्या कोमट राखेत आप्पांनी इंजिनाची ठिणगी पाडणारी कॉइल ठेवली होती. "भाकर भाजानी का हाई भाजानं?" ती मला विचारत होती. आप्पांनी चिमट्यानं कॉइल काढली, तारा जोडल्या, चाक फिरवलं. ठिणगी नाही. मग कॉइल पाण्याच्या माठाला टेकवून धरली, थंड होऊ दिली, परत फिरवलं. निळी ठिणगी, चट्.

आप्पा खाली बसले.

दोष एवढाच होता. आतली तार तापली की तुटल्यासारखी व्हायची, निवली की परत जुळायची. माणसांना मेलेल्याची इच्छा आठवायला, एकमेकांकडे बघायला आणि उठून कबूल करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती कॉइल गार होत होती. सगळ्या शपथा त्या अर्ध्या वितीच्या तारेच्या गुंडाळीवर चालल्या होत्या. मी हसायला लागलो. वाटलं आप्पाही हसतील. त्यांनी कॉइल राखेत परत ठेवली.

शहाद्याच्या मोटार वायंडिंगवाल्यानं हात जोडले. तो विहिरीच्या पंपाच्या मोटारी भरणारा माणूस, ह्या कॉइलमधली केसाएवढी तार बघूनच त्याला घाम फुटला. शेवटी माझ्याच माळ्यावर, उंदरांनी कुरतडलेल्या खोक्यात, एका जुन्या स्कूटरची कॉइल निघाली. मापाची नव्हती. आप्पांनी तिच्यासाठी पत्र्याचा पाय कापला, दिवसभर घासला आणि बसवली.

मग सुरू झाली परीक्षा, आणि ती बघवत नसे. इंजिन तापेपर्यंत पिंपात चालवायचं, बंद करायचं, आणि सरूबाईला हाक मारायची. तिनं तांब्याभर पाणी पिंपात सोडायचं, वर झेंडूची दोन फुलं, आणि हात जोडून उभं राहायचं. विसर्जनाला जेवढा वेळ जातो तेवढा जाऊ द्यायचा. मग आप्पा दोरी ओढणार. सरूबाई पदर सावरत यायची आणि विचारायची, "आज कोन मरनं?"

होता होता ते जमलं. पहिल्या ओढीत. पुन्हा बंद, पुन्हा पहिल्या ओढीत. उन्हात, गारठ्यात, कसंही. त्या दिवशी आप्पांनी दुकानात येऊन मला चहा पाजला. एवढ्या वर्षांतला पहिला आणि शेवटचा.

होडी परत पाण्यात उतरली आणि मग मजाच झाली, म्हणजे ज्याला मजा म्हणायची असेल त्यानं म्हणावी. विसर्जन झालं, हात जोडले, आप्पांनी दोरी ओढली, फट्ट करून चालू. माणसं दचकायची. कुणी काही बोलायच्या आत होडी वळलेली असायची. लोक खूश होतील असं मला वाटलं होतं, ते नाराज झाले. "एवढी काय घाई शे?" असं एकीनं तोंडावर विचारलं. गुरुजींनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "आप्पा, लोकांना मन मोकळं करायला जरा वेळ लागतो. थोडं थांबून ओढत जा." आप्पा म्हणाले, "बोलनं व्हई तं जित्ता मानूसजोडे बोला. मन्ही होडीमा नही."

त्यावर काय होणार? माणसं हळूहळू वल्हेवाल्याकडे वळली. तो मधल्या धारेत वल्हं टाकून तंबाखू मळत बसतो, घ्या म्हणतो तुमचा वेळ. आप्पांचं जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं इंजिन काठावर रिकामं बसून राहायला लागलं. मी टोमणा मारला, "आप्पा, बिघडलेलं होतं तेव्हा धंदा जोरात होता." ते म्हणाले, "खरं शे." आणि हवेत धरून दोरी ताणून बघत बसले, कुठे झिजली आहे का.

सरूबाईला श्वास पुरेनासा झाला तो थंडीत. अंगावर सूज आली, पायरी चढवेना, मग खाटेवरून उठवेना. तिनं औषधाची तक्रार केली नाही, दुखण्याचीही केली नाही. एकच विचारायची: "खुशी येवाव शे का?" आप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्या घरी जाऊन हात पसरायला ते तयार नव्हते. मीच माझ्या फोनवरून संजयला सांगितलं, की म्हातारी दोन दिवसांची सोबती आहे, पोरीला एकदा दाखवून जा. तो म्हणाला, "पेपर चालू शेतस तिन्हा. संपनात का लई येस." कुठल्या वर्गाचे पेपर? पोरगी अजून अक्षरं गिरवत होती. मला त्याला फोनमधून हात घालून धरावंसं वाटलं. त्याला काही बोललो नाही, कारण आपण बोललो तर उद्या पोरीला म्हातारीकडे आणणार असला तरी आणायचा नाही, असा हिशेब केला. हिशेब चुकला. सरूबाई दाराकडे बघत गेली.

संजय अस्थीला मात्र आला. लोकलाज असते ना माणसाला. पांढरा शर्ट, मोटारसायकल, मागची सीट रिकामी. खुशी नाही. माझा अंदाज आहे, की आप्पांनी सगळ्यात आधी ती सीटच पाहिली.

होडीत आम्ही चौघंच: आप्पा, गुरुजी, संजय आणि मी. मुलगा नसल्यामुळे सगळे विधी आप्पांनीच केले होते. मधल्या धारेत त्यांनी इंजिन बंद केलं, मडकं मांडीवर घेतलं आणि गुरुजींनी सांगितलं तेव्हा ते पाण्यात सोडलं. फुलं थोडा वेळ होडीला लागून राहिली आणि मग निघाली. आम्ही हात जोडले. आप्पा उठून मागे इंजिनाजवळ गेले.

दोरी गुंडाळली आणि ओढली. पहिल्याच ओढीत चालू.

संजयनं श्वास सोडला. मी त्याच्या समोरच बसलो होतो, मला ते स्वच्छ दिसलं. खांदे खाली आले त्याचे. सुटलो, असं त्याला वाटलं असणार.

आप्पांनी इंजिन बंद केलं.

मला वाटलं काही तरी अडकलं असेल. गुरुजींनीही वळून पाहिलं. पण आप्पा पंख्याकडे बघत नव्हते. ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मग त्यांनी परत दोरी गुंडाळली, सावकाश, एक एक वेटोळं नीट बसवत, आणि ओढली. चालू झालं. परत बंद केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जो माणूस उभ्या जिल्ह्याला ओरडून सांगत होता की हे नुसतं पेट्रोल आहे, तो आज त्या इंजिनानं अडावं म्हणून वाट बघत होता. एकदाच. बायकोची काही तरी इच्छा राहिली आहे असं इंजिनानं एकदा तरी म्हणावं, म्हणजे समोर बसलेल्याला उठून बोलावं लागेल. खोटं बोलला तरी चाललं असतं. सरूबाईच्या कानावर तेवढं पडलं असतं.

आप्पांचा हात प्लगच्या वायरीकडे गेला. ती टोपी अंगठ्यानं जराशी उचलली असती, तर संध्याकाळपर्यंत ते इंजिन चालू झालं नसतं आणि कुणाला कळलंही नसतं. मला कळलं असतं, आणि मी मेलो तरी बोललो नसतो. काढा आप्पा, काढा, मी मनात म्हणत होतो. बोटं टोपीवर होती. मग त्यांनी ती टोपी आणखी घट्ट दाबून बसवली, हात मागे घेतला आणि दोरी गुंडाळली.

ओढली. चालू झालं.

ह्या वेळी त्यांनी बंद केलं नाही. दांडा धरून, इंजिन नुसतं चालू ठेवून, त्यांनी पहिल्यांदा जावयाकडे पाहिलं. रागानं नाही. विचारल्यासारखं. गुरुजी पाण्याकडे बघत होते, मी माझ्या पायांकडे. काही तरी बोलायला हवं, हे संजयलाही कळलं असावं. तो थोडा पुढे सरकला, घसा साफ केला.

"बाकी इंजिन एकदम टकाटक करं तुम्ही, आप्पा," तो म्हणाला. "आते काही तरासच नही."

"नही," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी होडीचं तोंड घाटाकडे वळवलं.